ऐन वेळी कागद सापडत नाही: घरातल्या कागदपत्रांचा दर वर्षीचा गोंधळ कसा मिटवायचा

समस्या अशी आहे. कागद घरातच आहे हे सगळ्यांना पक्कं माहीत असतं, पण ज्या दिवशी लागतो त्या दिवशी तो हाताला लागत नाही. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी जातीचा दाखला मिळत नाही. नोव्हेंबरात बाबांच्या पेन्शनचं पीपीओ पुस्तक मिळत नाही. फ्लॅट विकायला काढला की सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट गायब असतं, आणि रात्री अकरा वाजता कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं की मेडिक्लेमचं कार्ड. मग लॉकरमधल्या पिशव्या पलंगावर उलट्या होतात, घरात आवाज चढतात, एक सुट्टी त्यात जाते. शेवटी कागद मिळतो. सगळं पुन्हा पिशव्यांत कोंबलं जातं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

हे फक्त गबाळ्या घरांत होतं असं अजिबात नाही. ज्यांच्या स्वयंपाकघरात डोळे मिटून जिरे-मोहरी सापडतील त्यांच्याकडेही कागदांचं असंच असतं. नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना कागदपत्रांच्या कामात मी बरीच वर्षं मदत करते आहे. प्रत्येक घरात गोंधळाची कारणं जवळजवळ सारखीच निघतात, आणि ती दूर करता येतात. वेळ वाचतो हा फायदा आहेच, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की या शोधाशोधीत घरातलं एकच माणूस दर वेळी बोलणी खातं. बहुतेक वेळा ती आई असते. तो ताण थांबायला हवा.

कागद हरवतो तरी कुठे?

आधी एक गोष्ट नीट लक्षात घेऊ. घरात नुसता पडून असलेला कागद सहसा हरवत नाही. हरवतो तो घराबाहेर जाऊन आलेला. मूळ दाखला कपाटातून निघतो, झेरॉक्सच्या दुकानात जातो, तिथून सेतू केंद्रात किंवा बँकेत जातो. परतीच्या वाटेवर तो पर्सच्या मागच्या कप्प्यात असतो किंवा स्कूटरच्या डिकीत. दमून घरी आल्यावर टीव्हीखालच्या खणात ठेवला जातो, ‘नंतर आत ठेवू’ म्हणून. आठवड्याने पाहुणे येतात, खण घाईने रिकामा होतो आणि त्यातलं सगळं एका कॅरीबॅगमध्ये जातं. दाखला त्या कॅरीबॅगमध्ये दोन वर्षं सुखरूप असतो, फक्त कोणाला ठाऊक नसतो.

या वाटेवरची सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे झेरॉक्स मशीनची काच. शेवटचा मूळ कागद पालथा काचेवर असतो, वर झाकण असतं. दुकानदार गरम प्रती हातात देतो, आपण त्या मोजतो, पैसे देतो आणि निघतो. त्यामुळे दुकानातून निघताना मोजायचे ते मूळ कागद. प्रत कमी आली तर परत काढता येते.

दुसरं कारण फायलींच्या नावांत असतं. बहुतेक घरांत आईची फाइल, बाबांची फाइल, मुलाची फाइल अशी वाटणी असते. दिसायला ती बरोबर वाटते. पण रेशनकार्ड कोणाच्या फाइलमध्ये? फ्लॅटचा करारनामा? मालमत्ता कराची पावती? ज्याला धनी नाही तो कागद हाताला येईल त्या फाइलमध्ये जातो. शिवाय कागद मागितले जातात ते कामानुसार. मुलीच्या जात पडताळणीला तिच्याबरोबर बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आजोबांच्या शाळेचा उतारा लागतो. ते सगळे मुलीच्या फाइलमध्ये जातात आणि तिथेच राहतात. दोन वर्षांनी बाबांना स्वतःचा दाखला हवा असतो तेव्हा ते स्वतःच्या फाइलमध्ये शोधत बसतात.

तिसरं कारण म्हणजे कुठे काय आहे हे एकाच माणसाला माहीत असणं. ते माणूस गावी गेलेलं असलं, किंवा दवाखान्यात असलं, तर बाकीच्यांनी फोनवर विचारायचं तरी कसं?

नेहमीचे उपाय टिकत का नाहीत

चाळीस कप्प्यांची नवी फाइल आणली जाते. पारदर्शक कप्प्यात पुढून एक आणि मागून एक कागद घातला की निदान दोन्ही दिसतात. पण हळूहळू मध्ये तिसरा सरकतो, आणि तो कायमचा अदृश्य होतो. दुसरा उपाय म्हणजे सगळ्याचे फोटो काढून फोनमध्ये ठेवणं. ते फोटो लग्नाच्या फोटोंत आणि सुप्रभातच्या संदेशांत मिसळून जातात, आणि व्हॉट्सअॅपवरून पाठवले की इतके बारीक होतात की अर्जाला जोडल्यावर शिक्का वाचता येत नाही. तिसरा उपाय म्हणजे एक रविवार काढून सगळं एकदम आवरायचं. दुपारी तीनपर्यंत उत्साह असतो, मग उरलेला ढीग ‘इतर’ असं लिहिलेल्या पिशवीत जातो. ती ‘इतर’ पिशवी ज्या घरात आहे तिथे गोंधळ संपलेला नाही असं समजावं.

तीन ढीग, मुदतीवरून

माणसांवरून वाटणी करू नका. कागद किती काळ लागणार आहे त्यावरून करा.

पहिला ढीग जन्मभराचा. जन्माचे आणि मृत्यूचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, गुणपत्रिका, पदव्या, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, विवाह नोंदणी, फ्लॅटचा करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश-उतारा), नोंदणीची पावती, शेअर सर्टिफिकेट, शेतजमिनीचे फेरफार, जुनी खरेदीखतं, मृत्युपत्र. याची जागा लॉकरमध्ये, आणि त्या कप्प्यात दुसरं काहीही ठेवायचं नाही. दागिन्यांच्या पावत्याही नाहीत, कारण दागिन्यांसाठी लॉकर उघडला की कागद हलतात.

या ढिगात जुने, पिवळे पडलेले, मोडीतलेसुद्धा कागद ठेवा. आवराआवर करताना सगळ्यात आधी तेच रद्दीत जातात, म्हणून हे जरा विस्ताराने सांगते. जात पडताळणी समिती अर्जदाराच्या पूर्वजांचा पुरावा मागते, आणि त्या पुराव्याच्या तारखा ठरलेल्या आहेत: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधीची नोंद हाताशी असली की नातवंडांचं काम खूप सोपं होतं. पणजोबांचा चौथीचा दाखला, शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा, जुनं खरेदीखत, गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद, असं काहीही फेकू नका. आज घरातल्या कोणालाच तो कागद वाचता येत नसला तरीही. पुढच्या पिढीला तो पुन्हा मिळवायचा तर तालुक्याला आणि जुन्या शाळेत खेटे घालावे लागतात, आणि तिथलं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं असू शकतं.

दुसरा ढीग मुदतीचा. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट, लायसन्स, गाडीचा विमा आणि पीयूसी, मेडिक्लेम, मुदत ठेवींच्या पावत्या, भाडेकरार. हा ढीग हाताशी, पण एकाच फाइलमध्ये. प्रत्येक कागदाच्या कप्प्यावर बाहेरून मुदत संपण्याची तारीख पेन्सिलने मोठी लिहा. पेन्सिलने अशासाठी, की नूतनीकरण झालं की खोडून नवी लिहिता येते.

तिसरा ढीग चालू वर्षाचा. फीच्या पावत्या, वीजबिलं, मालमत्ता कर, मेंटेनन्सच्या पावत्या, औषधांची बिलं, फॉर्म १६, वॉरंटीची बिलं. यासाठी फाइल नकोच, बुटांचा एक रिकामा खोका पुरतो. येईल तो कागद वरून टाकायचा. क्रम आपोआप लागतो: सगळ्यात जुना तळाशी, ताजा वर. या ढिगात वर्गवारी करत बसण्यात वेळ घालवू नका.

मार्चअखेर हा खोका उपसायचा. पाडव्याच्या आवराआवरीत हे काम सहज बसतं. वीजबिलांत मागची थकबाकी नाही हे ताज्या बिलावर दिसतंच, म्हणून पत्त्याच्या पुराव्यासाठी शेवटची दोन-तीन ठेवून बाकीची काढा. मेडिक्लेमचा दावा मिटला असेल तर औषधांची बिलं काढा, पण रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड कधीच काढू नका, ती पहिल्या ढिगात. प्राप्तिकराचे कागद मी आठ वर्षं ठेवायला सांगते. कायद्याच्या हिशेबात बहुतेक पगारदारांना इतके लागणार नाहीत, पण एका पाकिटाची जागा आणि मनाची शांतता यात शांतता महत्त्वाची. मालमत्ता कराच्या पावत्या मात्र सगळ्या ठेवा. घर विकताना समोरच्याचा वकील मागतो.

काढायचं म्हणजे रद्दीवाल्याला द्यायचं नाही. आधारच्या झेरॉक्स, बँकेची स्टेटमेंट, सहीचे कागद बारीक फाडून टाका. पुढे कोणालाही आधारची प्रत देताना तिच्यावर आडवं लिहा: कशासाठी दिली आणि तारीख. मास्क्ड आधार चालत असेल तिथे तोच द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

कागद खराब होऊ नये म्हणून

लॅमिनेशन करू नका. दाखला जपायचा म्हणून आपल्याकडे लोक प्रेमाने लॅमिनेट करतात. पण परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी साक्षांकन करायची वेळ आली की शिक्का मूळ कागदावर मारावा लागतो, आणि लॅमिनेट केलेला कागद घेत नाहीत. प्लास्टिक सोलायला गेलं की कागद फाटतो.

स्टेपलरच्या पिना आणि टाचण्या काढून टाका. कोकणात आणि मुंबईत दोन पावसाळ्यांत त्या गंजतात आणि कागदाला तपकिरी भोक पडतं. रबरबँड तर त्याहून वाईट. उकाड्यात वितळून चिकटतं. सुती दोरा किंवा साधं कागदी पाकीट चांगलं. पाकिटावर काय आहे ते लिहा.

दुकानांतली गुळगुळीत, पातळ बिलं उष्णतेवर छापलेली असतात. वर्षभरात अक्षरं फिकट होतात, प्लास्टिकच्या कप्प्यात तर आणखी लवकर. फ्रिजची किंवा इन्व्हर्टरची वॉरंटी चार-पाच वर्षांची आणि बिल मात्र कोरं, असं व्हायला नको. खरेदीच्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ बिलाला लावून ठेवा.

पावसाळ्यात लॉकर भिंतीला चिकटलेला असेल तर मागून ओल येते. कपाट चार बोटं पुढे ओढा, आत कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबराच्या गोळ्या ठेवा, गोळ्या कागदाला टेकू देऊ नका. दसऱ्याच्या सुमाराला एकदा सगळं सावलीत वाऱ्यावर घालावं. कसर लागली असेल तर तेव्हाच दिसते.

बाहेरची फाइल: सगळ्यात उपयोगी भाग

वेळ कमी असेल आणि एकच गोष्ट करायची असेल, तर ही करा.

भडक रंगाचं एक बटणाचं फोल्डर आणा. त्याला ‘बाहेरची फाइल’ म्हणा. मूळ कागद घराबाहेर जाईल तो फक्त याच फोल्डरमधून. पर्स नाही, खिसा नाही, डिकी नाही. त्यात कायम असतील: घरातल्या प्रत्येकाच्या आधार आणि पॅनच्या दोन-दोन प्रती, पासपोर्ट आकाराचे फोटो, पेन, गोंदाची कांडी, आणि घरात अंगठा उठवणारं कोणी असेल तर छोटं स्टॅम्प पॅड. महाराष्ट्रात २०१५ पासून बऱ्याच सरकारी कामांत साक्षांकित प्रतीऐवजी स्वतःच सही केलेली प्रत चालते, त्यामुळे प्रतींवर ‘मूळ प्रतीनुसार खरी प्रत’ लिहून सही आधीच करून ठेवायचा मोह होईल. तो टाळा. सही देताना करा. कशासाठी ते ठरलेलं नसताना सही केलेली प्रत फिरत राहणं बरं नाही.

आता यातली खरी किल्ली. मूळ कागद लॉकरमधून काढला की त्याच जागी एक चिठ्ठी ठेवायची: कोणता कागद, कुठे नेला, कोणी नेला, तारीख. उदाहरणार्थ, ‘मीराची दहावीची गुणपत्रिका, कॉलेजात पडताळणी, बाबा, १२ जून’. काम झालं, कागद परत आला की चिठ्ठी काढून फाडायची. आणि दाराच्या खुंटीवर बाहेरची फाइल लटकवायची ती तिच्यातले सगळे मूळ कागद जागेवर गेल्यावरच. तोपर्यंत ती जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. रोज अडचण झाली की कोणीतरी उठून कागद आत ठेवतंच. उपाय साधा वाटेल, पण मी ज्या ज्या घरांत तो रुळलेला पाहिला तिथे शोधाशोध जवळजवळ संपली आहे. त्याचं कारण सरळ आहे: कागद जाण्याचा रस्ता प्रत्येक घराकडे असतो, परतीचा रस्ता कोणी आखलेला नसतो.

मूळ कागद कमीत कमी बाहेर जाईल हेही बघा. उच्च शिक्षणसंस्थांनी मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं समोर तपासून लगेच परत द्यावीत, ठेवून घेऊ नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. प्रवेशाच्या काउंटरवर हे नम्रपणे सांगता येतं. शाळा सोडल्याचा दाखला मात्र बहुतेक ठिकाणी मूळच जमा करून घेतात. तो द्यायच्या आधी त्याच्या चार-पाच स्वच्छ प्रती आणि एक चांगला स्कॅन हवाच. पुढे जन्मतारखेच्या, जातीच्या, जन्मगावाच्या पुराव्यासाठी तोच लागतो आणि तेव्हा तो कॉलेजच्या दप्तरात असतो.

यादी, आणि ती माहीत असणारी दोन माणसं

लॉकरच्या दाराच्या आतल्या बाजूला एक पान चिकटवा. तीन रकाने: काय, कुठे, मुदत. खाते क्रमांक, पासवर्ड, पिन यांतलं काही लिहू नका. फक्त ‘पोस्टातली एमआयएस, हिरवं पाकीट’ इतकं. या पानाचा फोटो घराबाहेरच्या एका विश्वासाच्या माणसाकडे हवा: नागपूरची बहीण असो की दुबईतला मुलगा. परदेशात असलेली मुलं आईवडिलांची बरीच कामं आता फोनवरून करतात, आणि त्यांचा निम्मा वेळ ‘आई, ते निळं पाकीट बघ गं’ यातच जातो. यादी असली की तो वेळ गप्पांना उरतो.

ज्येष्ठांच्या बाबतीत या यादीचं मोल फार मोठं आहे. दहा वर्षं व्यवहार न झालेल्या खात्यांतले पैसे बँका रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे वर्ग करतात. ते वारसांना मागता येतात, पण खातं आहे हेच ठाऊक नसेल तर मागणार कोण? रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये उद्गम नावाचं पोर्टल सुरू केलं आहे, तिथे नावावरून अशा ठेवी शोधता येतात. आजी-आजोबांच्या नावाने एकदा बघून घ्या. यादी करतानाच प्रत्येक खात्याला आणि पॉलिसीला नॉमिनी कोण हेही विचारा. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. कित्येक पासबुकांवर वीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं नाव नॉमिनी म्हणून तसंच असतं.

तारखा कपाटात नकोत, भिंतीवर हव्यात

डिसेंबरात नवं कालनिर्णय घरात आलं की दुसऱ्या ढिगातली फाइल घेऊन बसा आणि प्रत्येक मुदत तिच्या एक महिना आधीच्या चौकोनात लिहा. नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. ज्यांच्या मुलांचा प्रवेश जूनमध्ये आहे त्यांनी एप्रिलमध्येच नवा अर्ज करावा. मे-जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग असते, सर्व्हर बसतो, आणि तहसील कार्यालयातल्या माणसाचाही नाइलाज होतो. एप्रिलमध्ये तेच काम शांतपणे होतं. अर्जाची पावती नीट ठेवा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना दिवस ठरलेले आहेत, आणि ते उलटले तर अपील करता येतं. त्यासाठी पावतीवरची तारीखच लागते.

बाकीच्या तारखा भराभर. फॉर्म १६ साधारण १५ जूनपर्यंत मिळायला हवा. हयातीचा दाखला नोव्हेंबरात; ऐंशी पूर्ण केलेल्या केंद्र सरकारच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनरांना वर्षात कधीही, तिथून तो वर्षभर चालतो. आता चेहरा ओळखूनही तो फोनवरून देता येतो, त्यामुळे बोटांचे ठसे पुसट झालेल्या आजोबांना बँकेत नेऊन बसवायची गरज नाही. पीयूसी बीएस-चार आणि बीएस-सहा गाड्यांना वर्षाचं, जुन्या गाड्यांना सहा महिन्यांचं. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, लहान मुलांचा पाच. मुलांच्या आधारचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करावे लागतात. पंधराव्याचं राहून गेलं की नेमकं दहावीच्या आसपास अडतं.

फोनमध्ये काय ठेवावं

डिजीलॉकर २०१५ पासून आहे, तरी त्यातला एक फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो. संबंधित खात्याकडून थेट त्यात आलेला कागद मूळ कागदासारखाच ग्राह्य असतो. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद मात्र नुसती प्रत असते. म्हणून दहावी-बारावीची गुणपत्रिका, लायसन्स, आरसी, पॅन हे बोर्डाकडून, परिवहन खात्याकडून, प्राप्तिकर खात्याकडून ओढून घ्या. लायसन्स आणि आरसी असं दाखवलं तर ग्राह्य धरावं, हे केंद्राने २०१८ मध्येच राज्यांना कळवलं आहे.

बाकीच्यांचे स्कॅन एका वेगळ्या फोल्डरमध्ये, नावं देऊन: ‘मीरा-जातदाखला’, ‘फ्लॅट-इंडेक्सटू’. स्कॅन दिवसाउजेडी, खिडकीपाशी, कागद सपाट ठेवून. आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर आज चालू आहे ना, ते आधी तपासा. बंद पडलेल्या नंबरवर ओटीपी जात राहतो आणि पुढची सगळी कामं तिथेच अडतात.

एवढं करूनही अडलं तर

*नावं जुळत नाहीत.* लग्नाआधीचं नाव, नंतरचं नाव, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, एका कागदावर ‘सौ.’ लागलेलं, इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारचं. कागद सापडतो पण चालत नाही. एका पानावर प्रत्येकाचं नाव प्रत्येक कागदावर कसं आहे ते लिहून काढा. मग एक स्पेलिंग नक्की करा. मी दहावीच्या प्रमाणपत्रावरचं धरते, कारण ते बदलणं सगळ्यात अवघड. बाकीचे एकेक करून त्याच्याशी जुळवा, सवडीने. विवाहित स्त्रियांसाठी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद दोन्ही नावांना जोडते, ते कायम जवळ हवं. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आला आहे. घरात लहान मूल असेल तर पहिल्या दाखल्यापासूनच तो सारखा राखा.

*निम्मे कागद गावी, निम्मे शहरात.* सातबारासाठी गावी माणूस पाठवू नका. डिजिटल सहीचा सातबारा राज्य सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. नोंदणी झालेल्या दस्ताचा इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. जुने मूळ दस्त मात्र एकाच घरी ठेवा, आणि ते कोणाकडे हे भावंडांनी एकमेकांच्या समोर ठरवा. अविश्वास कागद लपवल्याने वाढतो. सगळ्यांकडे स्कॅन असला की मूळ कुठे आहे यावरून कटुता येत नाही.

*कर्ज फिटलं पण बँकेकडून कागद आले नाहीत.* रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे: कर्ज पूर्ण फेडल्यापासून ३० दिवसांत मूळ दस्त परत करायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद घेताना बँकेत बसूनच यादीप्रमाणे पानं मोजा आणि थेट बाहेरच्या फाइलमध्ये ठेवा.

*घरातली मोठी माणसं हात लावू देत नाहीत.* अगदी स्वाभाविक आहे. त्या पिशवीत त्यांची सगळी कमाई आणि सगळे खेटे असतात. तुमची नवी पद्धत त्यांच्यावर लादू नका. त्यांच्या शेजारी बसा, त्यांनाच एकेक कागद काढून दाखवायला सांगा आणि तुम्ही फक्त यादी लिहा. पिशवी तीच राहू दे, गाठही तीच. यादी पूर्ण झाली की निम्मं काम झालं, आणि बहुतेक वेळा त्यानंतर तेच म्हणतात, हे पाकिटांत घाल बरं.

*कागद खरोखरच हरवला.* आधी झेरॉक्सचं दुकान, मग शेवटचं कार्यालय, मग घर, या क्रमाने बघा. नाही मिळाला तर पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवल्याची ऑनलाइन नोंद करा आणि तिची प्रत छापून घ्या. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ती मागतात. गुणपत्रिकेची दुय्यम प्रत बोर्डाच्या विभागीय मंडळाकडून, शाळेचा दाखला शाळेतून, शेअर सर्टिफिकेट सोसायटीला अर्ज आणि हमीपत्र देऊन. दुय्यम प्रत हातात आली की तिच्या जागी ठेवा आणि यादीत तिच्यापुढे ‘दुय्यम, मूळ हरवलं’ असं तारखेसकट लिहा. पुढे मूळ सापडलंच तर दोन्ही कामाला काढू नका. जी प्रत एकदा कार्यालयात दाखवली तीच यापुढे चालवा.